लॅपटॉपवरून वाटलेलं नेट पुन्हा पुन्हा तुटतंय? आधी पत्ता बघा

"ताई, नेट गेलं."

काळाचौकीला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. तिथे हे वाक्य मी दोन वर्षं जवळजवळ रोज ऐकलं. खोलीत चार जुनी डेस्कटॉप मशीन आहेत, एका ऑफिसने नवीन घेताना दिलेली. मंडळाचा एक लॅपटॉप आहे. केबलवाल्याची वायर लॅपटॉपला लागते आणि लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू करून चारही मशीनना नेट मिळतं. मशीनना आतलं वायफाय कार्ड नाही, म्हणून प्रत्येकाला यूएसबीचा छोटा डोंगल लावलाय. दिवसा माझी नोकरी असते, संध्याकाळी सातनंतर मी तिथे बसते.

नेट गेलं की उपाय ठरलेला होता: लॅपटॉप रीस्टार्ट. पाच मिनिटं जायची, नेट यायचं, मुलं कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपला घोळ इथेच होतो असं मला आता ठामपणे वाटतं. रीस्टार्ट केल्यावर एकाच वेळी दहा गोष्टी नव्याने सुरू होतात. त्यातली अडकलेली कुठली होती ते कळत नाही आणि नेट आल्यावर शोधायची निकडही राहत नाही. बिघाड तसाच राहतो.

म्हणून मी लॅपटॉपशेजारी एक शंभरपानी वही ठेवली. नियम एकच: "नेट गेलं" असं लिहायचं नाही. वेळ, मशीनचा नंबर आणि त्या क्षणी मशीनवर दिसणारा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर मशीनला ओळखायचा आकडा) लिहायचा. तीन आठवड्यांत स्पष्ट दिसलं की आम्ही ज्याला एक बिघाड समजत होतो ते पाच-सहा वेगवेगळे बिघाड होते. प्रत्येकाची खूण वेगळी, इलाज वेगळा. त्या वहीतून जे शिकले ते इथे लिहितेय. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे. कमांड मी फोनवर सांगते तशा उच्चाराने लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत करा.

पत्ता कसा बघायचा

ज्या मशीनवर नेट नाही त्यावर बसा, लॅपटॉपवर नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मारा. वायफायच्या खाली आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस अशी ओळ दिसेल. तिथला आकडा बघा.

विंडोजचा लॅपटॉप नेट वाटतो तेव्हा तो स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि जोडलेल्या प्रत्येक मशीनला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता देतो. घरच्या राउटरचे पत्ते बहुतेक १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होतात. त्यामुळे १३७ दिसला की मशीन आपल्याच लॅपटॉपला जोडलंय आणि त्याला पत्ता मिळालाय, एवढं नक्की झालं.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर मशीन वायफायला जोडलं गेलंय, पण लॅपटॉपने त्याला पत्ता दिलेला नाही. वाट बघून मशीनने स्वतःच एक आकडा लावून घेतलाय. अशा वेळी केबलवाल्याला फोन करून उपयोग नाही, त्याची वायर उत्तम चालू असू शकते.

आणि हॉटस्पॉटचं नावच यादीत नसेल तर पत्त्यापर्यंत जायचंच नाही. ती तिसरी गोष्ट.

पत्ता १३७ चा आहे तरी नेट नाही, असं असेल तर त्याच खिडकीत पिंग ८.८.८.८ लिहा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं, आणि ८.८.८.८ हा बाहेरचा, गूगलचा पत्ता. उत्तर आलं तर रस्ता बाहेरपर्यंत मोकळा आहे. इथे एक सावधगिरी. बरेच जण आधी पिंग १९२.१६८.१३७.१ करून बघतात, उत्तर येत नाही आणि "लॅपटॉपशी संपर्कच नाही" असं ठरवून टाकतात. लॅपटॉपची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणारा पहारेकरी) असं पिंग मुद्दाम गिळून टाकू शकते आणि त्याच वेळी नेट व्यवस्थित चालू असू शकतं. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. त्यामुळे सरळ बाहेरच्या पत्त्याला पिंग करा.

रोज संध्याकाळी सातला हॉटस्पॉट गायब

वहीत सगळ्यात जास्त नोंदी याच होत्या. वेळ ६.५५, ७.०५, ७.००. मशीन चारही. पत्त्याच्या जागी "नावच दिसत नाही". आम्हाला वाटायचं सातला सगळ्या चाळीत नेटवर ताण येतो म्हणून असेल. टीव्ही, मोबाइल, सगळं त्याच वेळी चालू होतं, त्यामुळे पटायचंही.

कारण भलतंच निघालं. दुपारची बॅच साडेपाचला उठते, संध्याकाळची सातला येते. मधला दीड तास खोली रिकामी, मशीन बंद. हॉटस्पॉटला एकही मशीन जोडलेलं नसेल तर काही मिनिटांनी विंडोज तो आपोआप बंद करतं. बॅटरी वाचावी म्हणून तशी सोयच केलेली आहे. लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावर आमच्यापैकी कोणीतरी सवयीने हॉटस्पॉट पुन्हा चालू करायचं, आणि श्रेय रीस्टार्टला जायचं.

इलाज सेटिंग्जमध्येच आहे. नेटवर्क अँड इंटरनेट, मग मोबाइल हॉटस्पॉट. तिथे पॉवर सेव्हिंगचं बटण बंद करा. सोबत लॅपटॉपचं स्लीपही बघा: चार्जरवर असताना स्लीप "नेव्हर", आणि झाकण मिटल्यावर "डू नथिंग". आमच्याकडे झाडू मारताना कोणीतरी लॅपटॉपचं झाकण लावायचं आणि चारही मशीन एकदम बसायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथे वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक असेल तर तीही काढा. डोंगल लावलेल्या मशीनवरही हेच करायचं, कारण तिकडचा डोंगल झोपला तरी मूल "नेट गेलं" असंच म्हणतं.

एवढं केल्यावर वहीतल्या निम्म्याहून जास्त नोंदी थांबल्या.

नाव काही मशीनवर दिसतं, काहींवर नाही

यात घोटाळा बहुधा बँडचा, म्हणजे वायफाय ज्या लहरींच्या पट्ट्यावर चालतं त्याचा असतो. जुने डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्यांच्यासाठी तो अस्तित्वातच नाही. मोबाइल हॉटस्पॉटच्या पानावर एडिट दाबून बँड २.४ करा.

पण एका पावसाळ्यात हेही पुरलं नाही. गच्चीवरून येणारी केबलवाल्याची वायर तुटली होती, दोन दिवस नेट नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला. लॅपटॉप त्यांच्या वायफायला जोडून आम्ही तेच नेट पुढे वाटलं. लॅपटॉपवर सुरेख चालत होतं, दोन मशीनवर हॉटस्पॉटचं नावच नाही. काकूंचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर होता. लॅपटॉपमध्ये एकच वायफाय कार्ड असतं. ते एका कानाने काकूंचं ऐकतं आणि त्याच तोंडाने आपल्या मशीनशी बोलतं, म्हणून साधारणपणे हॉटस्पॉटही त्याच चॅनेलवर (बँडमधल्या त्याच पट्टीवर) जाऊन बसतो. काकूंच्या राउटरचं २.४ चं नाव वेगळं होतं. लॅपटॉप त्याला जोडला आणि दोन्ही मशीनवर हॉटस्पॉट दिसू लागला.

अशा वेळी स्पीड निम्म्यावर येतो, हेही लक्षात ठेवा. एकच कार्ड घेणं आणि देणं आळीपाळीने करतं. लॅपटॉपला नेट वायरने किंवा मोबाइलच्या यूएसबी केबलने आलं आणि वायफाय फक्त वाटायला मोकळं राहिलं, तर फरक लगेच जाणवतो.

चार नंबरचं मशीन

चार नंबरचं मशीन एकटंच सारखं तुटायचं. पत्ता कधी १३७ चा, कधी काहीच नाही. डोंगल बदलून पाहिला, विंडोज नवीन टाकून पाहिलं. मग एका रविवारी मी त्या मशीनच्या मागे बसले आणि बघत राहिले.

डोंगल मागच्या बाजूला, भिंतीला चिकटलेला. पुढे पत्र्याचा कॅबिनेट. लॅपटॉप आणि त्या मशीनच्या मध्ये पुस्तकांचं लोखंडी कपाट. आणि डोंगलला अगदी खेटून, निळ्या यूएसबी ३ च्या खोबणीत, एक बाहेरची हार्ड डिस्क. त्यात मुलांसाठी व्हिडिओ साठवलेत. यूएसबी ३ ची उपकरणं चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, हे इंजिनिअर लोकांना बरीच वर्षं ठाऊक आहे. मी व्हिडिओ लावला, वायफायच्या रेघा एकावर आल्या. हार्ड डिस्क उपसली, तीन झाल्या. परत लावली, परत एक.

लोहार चाळीच्या बाजारातून एक मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर आणली, डोंगल तिच्या टोकाला लावून मॉनिटरच्या वर चिकटपट्टीने बसवला. हार्ड डिस्क पुढच्या खोबणीत घेतली. लॅपटॉप कपाटाच्या आडून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्यानंतर चार नंबरची नोंद वहीत आली नाही.

चाळीत भिंतीला भिंत लागून वीस घरं, प्रत्येकाचा राउटर. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. विंडोजच्या हॉटस्पॉटमध्ये चॅनेल आपल्याला निवडता येत नाही. म्हणून आपल्या हातात उरतं ते अंतर कमी करणं, आड येणारं लोखंड हटवणं, आणि जमेल तेव्हा ५ गिगाहर्ट्झ ओळखणारे डोंगल घेणं.

पत्ता १६९.२५४ चा

याची आमच्याकडे दोन कारणं सापडली.

पहिलं, लॅपटॉपवरचं अँटिव्हायरस. त्याची स्वतःची फायरवॉल असते. हॉटस्पॉट चालू झाला की तिला एक नवं अनोळखी नेटवर्क दिसतं आणि ती त्याला "पब्लिक" ठरवून दार लावून घेते. पत्ता मागणारी विनंती दारातच परत जाते. खात्री करायला अँटिव्हायरसची फक्त फायरवॉल पाच मिनिटं थांबवा, मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू करा. पत्ता १३७ चा आला तर चोर सापडला. मग फायरवॉल कायमची बंद ठेवू नका. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या नेटवर्कला "होम" किंवा "ट्रस्टेड" करा आणि तिला पुन्हा चालू करा. अपडेटनंतर हे सेटिंग परत मूळपदावर जाऊ शकतं, म्हणून अपडेटच्या दुसऱ्या दिवशी १६९ दिसला तर आधी इथे बघा.

दुसरं, पत्त्यांची टक्कर. परळला एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही फॉर्म भरण्याचं शिबिर घेतलं होतं. एका कार्यकर्त्याने त्याच्या लॅपटॉपवरून हॉटस्पॉट दिला, आमचा लॅपटॉप त्याला जोडला आणि तिथून पुढे वाटायला गेलो. काही केल्या जमेना. दोन्ही लॅपटॉप विंडोजचे, दोघांनाही १९२.१६८.१३७ हीच गल्ली हवी. एका गल्लीला दोन मालक चालत नाहीत. हॉटस्पॉटचं नेट घेऊन पुन्हा विंडोजच्याच हॉटस्पॉटने वाटू नका. पहिला टप्पा मोबाइलचा असू द्या, मोबाइल वेगळे पत्ते देतो.

एक मशीन जोडतच नाही, बाकी सगळी चालू

विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट जास्तीत जास्त आठ उपकरणं घेतो. आमची मशीन चार, म्हणून हे कारण माझ्या डोक्यातच आलं नाही. एकदा लॅपटॉपवर हॉटस्पॉटचं पान उघडून जोडलेल्यांची यादी पाहिली तर आठ नावं. पाच मोबाइल! कधीतरी एका मुलाला पासवर्ड सांगितला होता, तो सगळ्यांकडे गेला होता. मोबाइल खिशात असतानाही आपोआप जोडला जातो, आणि उशिरा आलेल्या मशीनला जागा राहत नाही.

आता दर सोमवारी पासवर्ड बदलते आणि चार मशीनवर मीच टाकते. मुलांना वाईट वाटतं, त्यांना मी कारण समजावते. जागेचा प्रश्न तर आहेच, पण आपल्या कनेक्शनवरून कोणी काय पाठवलं याची चौकशी आपल्या दारात येते. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं होतं, आणि त्या घरातल्या माणसाला चौकशीला सामोरं जावं लागलं होतं. मंडळाच्या नावावर कनेक्शन आहे, मी ते उघडं ठेवणार नाही.

पत्ता बरोबर, लॅपटॉपवर नेट आहे, मशीनवर नाही

मशीनवर पिंग ८.८.८.८ ला उत्तर येतं पण साइट उघडत नाही, तर अडचण नावांची आहे. साइटचं नाव घेऊन आकडा शोधून द्यायचं काम लॅपटॉप मध्यस्थ म्हणून करतो आणि तो मध्यस्थ कधीकधी गप्प होतो. त्या मशीनवर वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस (नावाचा आकडा शोधून देणाऱ्याचा पत्ता) हाताने ८.८.८.८ आणि १.१.१.१ द्या. बाकी काही बदलू नका.

पिंगलाच उत्तर नाही आणि लॅपटॉपवर मात्र नेट आहे, तर वाटपच अडकलंय. रीस्टार्ट न करता हे करा: विंडोज आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल लिहा. सगळी कनेक्शनं दिसतील. वायर जिथे लागलीय त्या इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग. सेटिंग्जमधून मोबाइल हॉटस्पॉट वापरत असाल तर इथे पूर्वी कधी हाताने केलेली टिक काढून टाका, ओके करा, मग हॉटस्पॉट बंद करून चालू करा. वाटपाचं काम एकाच जागेवरून झालं पाहिजे. हाताने केलेलं वाटप आणि हॉटस्पॉटने केलेलं वाटप एकमेकांच्या पायात येतात. लॅपटॉपवर व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर असेल तर ते बंद करून बघा. त्यांची स्वतःची खोटी कार्डं असतात आणि लॅपटॉपचं नेट भलत्याच दारातून जायला लागतं.

आमचा आधीचा लॅपटॉप जुन्या पद्धतीचा होता. त्यावर नेटएसएच डब्ल्यूलॅन स्टार्ट होस्टेडनेटवर्क ही कमांड देऊन वायफाय चालू करायचो आणि शेअरिंगची टिक हाताने करायचो. विंडोज ७ पासूनची ही सोय. नवीन कार्डांचे ड्रायव्हर ती देत नाहीत. नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स केल्यावर होस्टेड नेटवर्क सपोर्टेडच्या पुढे "नो" दिसलं तर तो नाद सोडा आणि मोबाइल हॉटस्पॉटच वापरा. ज्यांचं "येस" आहे आणि जे अजून हाताने टिक करतात, त्यांना विंडोज १० वर एक हमखास त्रास होतो: लॅपटॉप बंद-चालू केला की टिक दिसते, पण वाटप होत नाही. टिक काढून ओके, पुन्हा टिक करून ओके केलं की चालतं. कायमचा इलाज दोन भागांत आहे. सर्व्हिसेसमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही सर्व्हिस "ऑटोमॅटिक" करा. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांचा साठा) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्ड अ‍ॅक्सेस इथपर्यंत जाऊन एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन (सगळं सलग) या नावाची डीवर्ड किंमत १ करा. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.

उघडतं सगळं, अपलोड मात्र होत नाही

याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला, म्हणून सविस्तर लिहितेय.

मागच्या जुलैत अकरावी प्रवेशाचे दिवस होते. मुंबईत हे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत, आणि चाळीतल्या कितीतरी घरांत मोबाइलशिवाय दुसरं साधन नाही. त्यामुळे त्या आठवड्यात अभ्यासिकेत रांग असते. तीन नंबरच्या मशीनवर एक मुलगी वडिलांसोबत बसली होती. वडील रात्रपाळीला जाणार होते, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येत होता. लॉगिन झालं, माहिती भरली, पानं पटापट उघडत होती. दाखल्याची पीडीएफ जोडून बटण दाबलं की चक्र फिरायला लागायचं. दोन मिनिटं, तीन मिनिटं, मग पान मरायचं. वडील घड्याळाकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. तीच पीडीएफ लॅपटॉपवरून दहा सेकंदांत गेली. तिचं काम तिथून झालं, पण मागे रांग होती आणि लॅपटॉप एकच.

तेव्हा आमचं कनेक्शन डायलरचं होतं, म्हणजे लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं. नेटवर माहिती पुडक्यांतून जाते. साध्या वायरवर एक पुडकं जास्तीत जास्त १५०० बाइटचं. डायलर प्रत्येक पुडक्याला स्वतःचं ८ बाइटचं वेष्टण घालतो, म्हणून आत १४९२ उरतात. विंडोजचा डायलर मुळातच १४८० धरतो. लॅपटॉपला हे माहीत असतं, तो तेवढीच पुडकी बांधतो. पलीकडच्या मशीनला मात्र आपण साध्या वायफायवर आहोत असं वाटतं आणि ते १५०० चं पुडकं पाठवतं. लॅपटॉपने "मोठं आहे, लहान कर" असा निरोप उलट द्यायचा असतो. तो निरोप फायरवॉलने अडवला की मशीन तेच पुडकं पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. पान बघताना आपण छोट्या विनंत्या पाठवतो, त्या जातात. फाइल चढवताना पुडकी भरगच्च असतात, ती अडकतात.

तपासायचं असं. अडचण असलेल्या मशीनवर लिहा: पिंग, स्पेस, हायफन एफ, स्पेस, हायफन एल, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१. उत्तर आलं नाही तर आकडा दहा-दहाने कमी करत जा. जिथे उत्तर येतं त्या आकड्यात २८ मिळवा, तो तुमच्या रस्त्याला मावणारा आकार. आमच्याकडे १४५२ ला उत्तर आलं, म्हणजे १४८०. मग त्या मशीनवर सीएमडी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून: नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ सेट सबइंटरफेस, अवतरणात वायफाय कनेक्शनचं नाव जसं एनसीपीएमध्ये दिसतं तसं, मग एमटीयू (पुडक्याचा जास्तीत जास्त आकार) बरोबरचं चिन्ह १४००, स्टोअर बरोबरचं चिन्ह पर्सिस्टंट. मी मुद्दाम थोडा खालचा आकडा घेतला. स्पीडमध्ये फरक जाणवत नाही आणि मोबाइलवरून नेट घेतलं तरी पुन्हा हात लावावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी चारही मशीनवर हे करून ठेवलं. त्यानंतर त्या आठवड्यात एकही फाइल अडली नाही.

राउटरच का नाही?

घ्याच. जागा कायमची असेल आणि वायर तिथे येत असेल तर हजार-दीड हजाराचा राउटर लॅपटॉपपेक्षा हे काम कितीतरी चांगलं करतो. डायलरचं युजरनेमही त्यातच बसतं आणि लॅपटॉप मोकळा राहतो. गणपतीनंतर मंडळाच्या मीटिंगमध्ये मी हा विषय ठेवणार आहे.

पण शिबिरांना आम्ही शाळेच्या हॉलमध्ये जातो, कधी कोणाच्या ओटीवर बसतो. तिथे वायर नसते, मोबाइलचं नेट यूएसबीने लॅपटॉपला घ्यायचं आणि पुढे वाटायचं, हाच मार्ग असतो. त्यासाठी एक पिशवी भरून ठेवलीय: लॅपटॉपचा चार्जर, चांगली यूएसबी केबल (फक्त चार्जिंगची नाही, डेटा जाणारी), दोन डोंगल, दोन एक्स्टेंशन वायर, चिकटपट्टी. आणि वही. तिची शेवटची नोंद अशी आहे: वेळ ८.१०, मशीन २, पत्ता १६९.२५४. खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, दहावीतल्या एका मुलीने लिहिलंय: काल अँटिव्हायरस अपडेट झालं होतं. ट्रस्टेड केलं. ८.१४ ला चालू.